सहाव्या मजल्यावरचा टेरिअर

कुत्र्याचं पिल्लू घेऊन माझ्याकडे येणारा माणूस पहिला प्रश्न ठरलेला विचारतो. "मॅडम, हा एवढाच राहील ना?" पिल्लाचं वय किती, दात किती आलेत, आईपासून कधी तोडलं, हे त्याला ठाऊक नसतं आणि जाणूनही घ्यायचं नसतं. त्याला फक्त माप हवं असतं. सोफा घेण्याआधी माणूस दाराची रुंदी मोजतो, तसं. पूर्वी मी या प्रश्नावर हसून घेत असे. आता माझं डोकं फिरतं. डोकं फिरायला कारणीभूत झालेला एक कुत्रा आणि एक घर, त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

आधी माझ्याविषयी थोडं. मी जनावरांची डॉक्टर. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, सुरुवात गगनबावड्याला आणि सगळ्यात जास्त काळ पेठ वडगावला. बाई म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते हे बघायला सुरुवातीला गोठ्याबाहेर गर्दी व्हायची. आडवं आलेलं रेडकू फिरवून बाहेर काढलं की तीच गर्दी गुमान पाण्याची बादली आणून द्यायची. निवृत्त झाल्यावर कोल्हापुरात राजारामपुरीत छोटा दवाखाना काढला आणि म्हशींच्या जागी कुत्री आली. म्हशीचा मालक म्हशीला ओळखतो. ती किती खाते, कधी रवंथ करते, कुठल्या बाजूला बसते, सगळं त्याला पाठ असतं. कुत्र्याच्या मालकाला कुत्र्याच्या जातीचं फक्त नाव पाठ असतं. हा फरक पचवायला मला बरीच वर्षं लागली. खरं सांगायचं तर अजून पचलेला नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीपासून शहरात जॅक रसेल टेरिअर दिसायला लागले. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. उंची दहा-बारा इंच, वजन सहा-सात किलो. अंग पांढरं, तोंडावर आणि शेपटीच्या मुळाशी तपकिरी किंवा काळे ठिगळ. कान छोटे, टोकाशी पुढे मुडपलेले. केस कुणाचे गुळगुळीत, कुणाचे काथ्यासारखे राठ. डोळे काळेभोर, आणि समोरचा काय करणार आहे हे त्याच्या आधी ओळखणारे. फोटोत इतका गोंडस दिसतो की कुणालाही उचलून घ्यावासा वाटावा.

पण त्या प्रत्येक अवयवाला काम आहे. इंग्लंडात कोल्हा घोड्यावरच्या शिकाऱ्यांना चुकवून बिळात शिरला की या कुत्र्याला मागून आत सोडत. छाती माणसाच्या दोन पंजांत मावेल एवढीच, कारण कोल्ह्याच्या बिळात शिरायचं आहे. पाय वाकडे न होता सरळ, कारण घोड्यांच्या मागे मैलोन्‌मैल पळायचं आहे. शेपूट मजबूत, मुठीत येईल एवढी, कारण बिळात अडकला तर तिलाच धरून बाहेर ओढायचा आहे. आत गेल्यावर अंधारात, आपल्याएवढ्याच जनावरासमोर, माणसं वरून खणत येईपर्यंत भुंकत उभं राहायचं. तिथं हुकूम द्यायला मालक नसतो. म्हणून हा कुत्रा स्वतःच्या डोक्यानं चालतो. धीट, हट्टी, चौकस आणि न दमणारा. अशा कुत्र्याबद्दल 'ऐकत नाही' म्हणून तक्रार करणं म्हणजे तालमीतल्या पैलवानाबद्दल 'फार खातो' म्हणून तक्रार करण्यासारखं आहे.

विक्रांत आणि मृणाल हे जोडपं त्या जातीचं पिल्लू घेऊन आलं तेव्हा मी हे सगळं अर्धा तास सांगितलं. विक्रांतचं टाइल्सचं शोरूम, मृणाल एका शाळेत शिक्षिका, नागाळा पार्कात सहाव्या मजल्यावर फ्लॅट. पिल्लू पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीतून, खोक्यात बसून आलेलं. विकणाऱ्यानं आठ आठवड्यांचं सांगितलं होतं, दात बघता पाच आठवड्यांचं असेल. डाव्या डोळ्यावर तपकिरी ठिगळ, म्हणून नाव ठेवलं होतं कॉफी. शेपटीच्या जागी बोटभर खुंट, त्याच्या टोकाला अजून ओली खपली.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"ब्रीडरकडूनच तसा आला," विक्रांत म्हणाला. "तशीच स्टाइल असते ना मॅडम याची?"

कामाच्या कुत्र्याची धरायची मूठ कापायची आणि वर त्याला स्टाइल म्हणायचं. मी जखम धुतली, जंताचं औषध दिलं आणि म्हटलं, "हा मांडीवरचा कुत्रा नाही. याला रोज दोन तास पळवायला लागेल, शोधाशोध करायला द्यावी लागेल. सकाळी नऊला दार लावून संध्याकाळी सातला उघडणार असाल तर आत्ताच सांगते, हा तुमचं घर खणून काढेल."

विक्रांत हसला. "एवढासा आहे मॅडम. काय खणतोय?"

मृणाल हसली नाही. तिनं पिशवीतून वही काढली आणि मी सांगितलेलं लिहून घेतलं. तिच्यावर भरवसा ठेवून मी पिल्लाच्या लसीचं कार्ड तयार केलं.

इथं मला माझं एक पाप सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचा माझा राग कळणार नाही. कॉफीच्या दोन वर्षं आधी एक निवृत्त अधिकारी याच जातीचा तीन वर्षांचा कुत्रा घेऊन आले होते. त्याचं नाव बंटी. खाताना नातवानं त्याचं भांडं ओढलं म्हणून त्यानं नातवाच्या हाताला दात लावले होते. चार टाके पडले होते. अधिकारी म्हणाले, "डॉक्टर, इंजेक्शन द्या. मला घरात भीती नको." असाध्य आजारानं तळमळणाऱ्या जनावराला आम्ही भुलीचं औषध जास्त प्रमाणात देऊन सोडवतो. त्याला दयामरण म्हणतात आणि त्यात दया असते. बंटीला कसलाच आजार नव्हता. पण माणूस मोठा, वयस्कर, आवाजात जरब, आणि मी नोकरीत आयुष्यभर साहेबांसमोर 'हो सर' म्हटलेली बाई. मी कागदावर 'आक्रमक' असा शब्द लिहिला आणि इंजेक्शन दिलं. टेबलावर बंटी स्वतःहून चढला होता. सुई दिसल्यावर त्यानं सवयीनं पंजा पुढे केला, लसीच्या वेळी करायचा तसा. त्या दिवसानंतर मी ठरवलं की निरोगी जनावराला हे इंजेक्शन माझ्या हातून पुन्हा जाणार नाही.

कॉफी वर्षाचा व्हायच्या आत ते सांगायची वेळ आली. या जोडप्याची दर महिन्याला एक तक्रार असायची. आधी चपला, मग सोफा, मग दाराची चौकट. मृणाल पहाटे उठून त्याला मैदानावर न्यायची, पण शाळेच्या परीक्षा आल्या की ते बंद पडायचं. विक्रांत त्याला न्यायचाच नाही, कारण कॉफी इतर कुत्र्यांच्या अंगावर जायचा आणि त्याला लाज वाटायची. मग कॉफीला बाल्कनीत ठेवायला लागले. सहाव्या मजल्यावरून तो दिवसभर खालच्या मांजरांवर भुंकायचा.

एका रविवारी दोघंही दवाखान्यात आले. कॉफी मृणालच्या हातात, तोंडाला मुसकं. समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीचा पांढरा ससा पॅसेजमध्ये आला होता आणि यांचं दार उघडं होतं. जे व्हायचं ते एका क्षणात झालं. सोसायटीची बैठक बसली, कुत्रा आठवड्यात हलवा असं ठरलं.

"मॅडम, आता त्याला झोपवायलाच लागेल," विक्रांत म्हणाला. "आज ससा आहे, उद्या कुणाचं लहान बाळ असेल. रक्ताची चटक लागली त्याला."

"चटक नाही लागली. ज्या कामासाठी त्याला शंभर पिढ्या तयार केलाय ते काम त्यानं केलं. त्या मुलीचा ससा गेला हे वाईट झालं, तिची माफी मागा. पण दार कुणी उघडं ठेवलं होतं?"

त्यानं कॉफीच्या मुसक्याचा पट्टा ओढून बघितला. मग म्हणाला, "तुम्ही डॉक्टर आहात. आम्ही सांगू ते करणं तुमचं काम आहे."

माझा आवाज चढला. बाहेर बाकावर मांजर घेऊन बसलेल्या आजी आत डोकावल्या एवढा चढला. मी म्हटलं, "माझं काम जनावर बरं करणं आहे. तुमची अडगळ काढणं नाही. तुम्ही फोटो बघून कुत्रा घेतलात, मी सांगितलेलं हसण्यावारी नेलंत, याला सहाव्या मजल्यावर कोंडलंत आणि आता तुमच्या चुकीची शिक्षा यानं भोगायची. मी इंजेक्शन देणार नाही. मी याला चांगली जागा शोधते, मला पंधरा दिवस द्या."

"पंधरा दिवस सोसायटी ऐकणार नाही."

"मग दवाखान्यात ठेवा."

मृणाल काहीतरी बोलणार होती. विक्रांतनं तिच्या हातातून कॉफीला घेतलं आणि तो बाहेर पडला. मी दोन दिवसांनी फोन केला तर म्हणाला, "शेतावर दिलाय मॅडम, एकदम मोकळं वातावरण आहे." कुणाच्या शेतावर, ते सांगितलं नाही. 'शेतावर दिलाय' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा अर्थ मला चांगला माहीत आहे. तरी मी गप्प बसले. कामं होती, इतर जनावरं होती. हीसुद्धा माझीच चूक.

दोन महिन्यांनी सकाळी बसगोंडा आण्णांचा फोन आला. आण्णा वडगावच्या अलीकडच्या मळ्यात राहतात, आठ म्हशी आहेत. माझ्या नोकरीत त्यांच्या गोठ्यातल्या तीन पिढ्यांची बाळंतपणं मी केली आहेत.

"बाईसाहेब, एक कुत्रं गळ्यात पडलंय," ते म्हणाले. "कोल्लापुरात आम्ही दूध घालतो त्या सायबानं दिलं, राखणीला ठेवा म्हणून. बांधल्यापास्नं नुसतं गोल गोल फिरतंय. धड खात न्हाय. काल शेजारच्या तुकारामाच्या अंगावर गेलं. पिसाळलंय म्हणत्यात सगळी. मारायचं म्हणत्यात. म्हणलं आधी बाईस्नी इचारू."

"कसं दिसतं?"

"बुटकं हाय, पांढरं. शेपूट तोडल्यालं. एका डोळ्यावर डाग हाय."

मी आण्णांना सांगितलं, मी येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका. दवाखान्याला कुलूप लावलं आणि निघाले.

मळ्यात पोचले तेव्हा गोठ्यासमोर पाच-सहा माणसं जमलेली होती. तुकारामाच्या हातात उसाच्या बांधावरची जाड काठी होती. कॉफी लिंबाच्या झाडाला म्हशीच्या साखळीनं बांधलेला. ती साखळी त्याच्या निम्म्या वजनाची असेल. झाडाभोवती फिरून फिरून त्यानं जमिनीत गोल चर पाडला होता. गळ्याला साखळी घासून केस गेलेले, कातडं सोललेलं. पंधरा पावलांवरून त्यानं मला बघितलं, क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरायला लागला.

"बाई, जवळ जाऊ नका," तुकाराम म्हणाला. "त्येच्या डोळ्यांत बघा, पिसाळल्यालं हाय त्ये."

"याला रेबीजची लस मी माझ्या हातानं दिली आहे."

"लस देऊन बी पिसाळत्यात की."

त्याची भीती खोटी नव्हती. खेड्यात पिसाळलेल्या कुत्र्यानं माणूस गेलेला ज्यांनी पाहिलाय ते काठी घेऊनच येतात. मी त्यांना समजावलं. पिसाळलेल्या कुत्र्याचा जबडा लुळा पडतो, लाळ गळते, घोट गिळता येत नाही, चाल बिघडते. मी बाटलीतलं पाणी झाकणात ओतून पुढे सरकवलं. कॉफी थांबला आणि ते एका दमात चाटून घशाखाली उतरवलं. मी पुन्हा ओतलं. त्यानं पुन्हा घेतलं.

"मग ह्यो असा भवऱ्यागत का फिरतोय?" आण्णांनी विचारलं.

"आण्णा, तुमच्या बैलाला दोन महिने दावणीला बांधून ठेवलं, एकदाही औताला जुंपलं नाही, फिरवलं नाही, तर तो काय करेल?"

"दावं तोडंल."

"याला साखळी तोडता येत नाही. म्हणून फिरतोय."

आण्णांचं तोंड उतरलं. "मला काय म्हाईत बाईसाहेब. सायेब म्हणला बांधूनच ठेवा, चावतोय."

मी आण्णांवर चिडले नाही. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. ज्याला सगळं सांगितलं होतं तो शोरूममध्ये बसला होता. मी गोठ्याचं फाटक लावायला सांगितलं, कोंबड्या खुराड्यात घालायला लावल्या, कॉफीजवळ बसले आणि त्याच्या गळ्यातली कडी काढली. माणसं मागं सरली. तुकारामानं काठी वर उचलली.  दोन महिने साखळीवर काढलेलं जनावर आहे, चावलंही असतं.

कॉफी आमच्याकडे वळलाच नाही. त्यानं नाक वर केलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवलं आणि तो सरळ पेंडीच्या खोलीत शिरला. तिथं पोत्यांची थप्पी होती. थप्पीच्या खाली नाक घालून तो खणायला लागला. माती मागं उडत होती, भुंकणं वेगळंच, बारीक आणि सलग. मग एक उंदीर बाहेर पळाला. कॉफीनं त्याला पकडलं, मानेला एक झटका दिला आणि टाकून दिलं. खाल्लं नाही, खेळवलं नाही, तो दुसऱ्याकडे वळला.

"पोतं सरकवा," मी म्हटलं.

तुकारामानं काठी भिंतीला टेकवली आणि पोतं ओढलं. खालून तीन निघाले, तिन्ही गेले. मग सगळेच पोती ओढायला लागले. शेवटी भिंतीच्या कोपऱ्यातल्या बिळातून एक घूस निघाली, कॉफीच्या निम्म्याएवढी. तिनं उलटून त्याचा कान फाडला. त्यानं तोंडातून आवाज काढला नाही आणि तिला सोडलंही नाही.

खोलीत पेंडीची धूळ उडाली होती. कॉफी मधोमध बसला, जीभ बाहेर, कानातून रक्त गळतंय. फिरणं बंद. आण्णा त्याच्यासमोर उकिडवे बसले. "सरकारी औषध टाकलं, सापळं लावलं," ते म्हणाले. "दरसाली पोत्यामागं पायलीभर पेंड हीच खात्यात. आन्‌ ह्येला मी झाडाला बांधून घातलं व्हय."

कान तिथंच टाचला. गळ्याच्या जखमेचे फोटो काढून ती धुतली, उंदरांपासून होणाऱ्या तापाची लस टोचली. आण्णांना दोनच गोष्टी बजावल्या. उंदराचं विषारी औषध आजपासून मळ्यात ठेवायचं नाही आणि साखळी नाही. त्यांनी साखळी उचलून आढ्याला टांगली. त्याचं नाव त्यांनी भवऱ्या ठेवलं, पण पहिल्या पंधरवड्यानंतर तो कुणाला भोवऱ्यासारखा फिरताना दिसला नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्या पोती ओढणाऱ्यांपैकी कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं होतं. महिन्याभरात तो व्हिडिओ कोल्हापूरभर फिरला आणि विक्रांतचा फोन आला. आवाजात अभिमान होता.

"मॅडम, बघितलात आमचा कॉफी? पुण्याचा ब्रीडर म्हणतोय, असा नर त्याला पिल्लांसाठी हवाय. कागदपत्रं आमच्याच नावावर आहेत. तुम्ही मळ्यात चला ना सोबत, ते शेतकरी तुमचं ऐकतात."

ज्याला मारायला माझ्याकडे आणला होता तो आता 'आमचा कॉफी' झाला होता. मी फोनवरच त्याला चार शब्द सुनावणार होते. मग वाटलं, नको, समोरासमोर होऊ दे. मी गेले. गाडीत मृणालही होती. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

आण्णा म्हशीला वैरण टाकत होते. भवऱ्या त्यांच्या पायांशी, कानाला खाच पडलेली, अंग मातीनं माखलेलं. मृणालला बघून तो धावत आला, तिचे हात हुंगले, खुंट हलवला आणि परत वैरणीच्या गंजीकडे गेला.

"आण्णा, सांभाळलात त्याबद्दल आभारी आहे," विक्रांत म्हणाला. "आता न्यायला आलोय त्याला."

आण्णांनी वैरण टाकून हात झटकले. "बसा की पावणं. च्या घ्या. कुत्रं तुमचंच हाय, न्यायला काय न्हाय म्हणत न्हाय मी. फकस्त एवढं सांगा. ह्यो उद्या सकाळी उठला की काय करणार?"

"काय करणार म्हणजे?"

"हितं उठला की पेंडीची खोली बघतोय. मग गंजी. मग उसाच्या कडंनं माझ्याबरुबर चक्कर. मग झोपतोय. तिकडं उठून काय करणार, त्ये सांगा. मंग न्या."

विक्रांतनं माझ्याकडे पाहिलं. मी चार शब्द तयार ठेवले होते, पण त्या प्रश्नानंतर माझ्या शब्दांची गरज उरली नव्हती. एवढी शिकलेली मी, त्या जोडप्याला अर्धा तास छातीचं माप आणि शेपटीचा उपयोग सांगत बसले होते. हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

"अहो, कुत्राच आहे तो," विक्रांत म्हणाला. "त्याला काय करायचं असतं?"

"मग न्हाय मिळायचा," आण्णा म्हणाले आणि पुन्हा वैरणीकडे वळले.

विक्रांत कागदपत्रांचं बोलला, वकिलाचं बोलला. आण्णांनी मागं वळून पाहिलं नाही. मी म्हटलं, "वकिलाकडे जाणार असाल तर 'बांधूनच ठेवा' असं तुम्ही सांगितल्यामुळे झालेल्या गळ्याच्या जखमेचे फोटो माझ्याकडे आहेत. कापलेल्या शेपटीची नोंदही कार्डावर आहे. तेही सोबत न्या." तो तडक गाडीत जाऊन बसला आणि हॉर्न वाजवायला लागला.

मृणाल गेली नाही. तिनं पर्स उघडून कॉफीचं लसीचं कार्ड काढलं, ते आण्णांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "पुढची लस दिवाळीनंतर आहे. विसरू नका." मग ती वाकली. मला वाटलं कुत्र्याला कुरवाळते आहे. तिनं आण्णांच्या पायांना हात लावला आणि गाडीकडे चालत गेली.